ब्लॉगवाले विरुद्ध सदरवाले : ही तर भाऊबंदकी

खोडरबर (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:१२

नऊ वर्षं ब्लॉग लिहिला. मग एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत वर्षभर सदर लिहिलं, बावन्न आठवडे, एकही खाडा नाही. आता परत ब्लॉगवर आलेय. म्हणजे माहेर आणि सासर दोन्हीकडची भांडी घासून झालीत, तेव्हा दोन्हीकडच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचा हक्क मला आहे असं समजते.

ब्लॉग लिहायचे तेव्हा सदरवाल्यांची यथेच्छ टिंगल करायचे. 'रतीब घालतात' हे माझं ठरलेलं वाक्य. रतीब म्हणजे काय ते स्वतःचं सदर सुरू झाल्यावर अकराव्या आठवड्यात कळलं. दहा लेख पोतडीत होते, ते संपले. बुधवारी दुपारी चारच्या आत साडेसहाशे शब्द पाठवायचे आणि मंगळवारी रात्री अकराला डोक्यात नुसता पंख्याचा आवाज. त्या रात्री जे खरडलं ते ब्लॉगवर मी कधीच टाकलं नसतं. ते छापून आलं आणि वर्षभरात सगळ्यात जास्त पत्रं त्याच लेखाला आली. याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

पण धागा त्यासाठी नाही. धागा एका आकड्यासाठी आहे.

एकदा सदरात ब्लॉगच्या जन्मकथेवर लिहिलं आणि ठोकून दिलं की 'ब्लॉग' हा शब्द १९९७ चा. साफ चूक. १९९७ च्या डिसेंबरात जॉर्न बार्गरने रूढ केला तो 'वेबलॉग'. पीटर मेरहोल्झने १९९९ मध्ये गंमत म्हणून त्याची 'वी ब्लॉग' अशी फोड केली आणि त्यातून सुटा 'ब्लॉग' आला. रविवारी लेख आला, सोमवारी सकाळी एका वाचकाची मेल: मॅडम, दोन वर्षांची गल्लत झाली आहे. मी ती तशीच पुरवणीच्या संपादकीय डेस्ककडे पाठवली. उत्तर आलं की बातमीत चूक असेल तर खुलासा छापतो, सदर हे लेखकाचं मत असतं.

१९९७ हे माझं मत!

पंधरा दिवसांनी तोच लेख ब्लॉगवर टाकला आणि आळसाने मूळ फाइलच चिकटवली. चाळीस मिनिटांत प्रतिसाद आला, 'ताई, ९७ नव्हे, ९९.' जुना आकडा खोडला, तो दिसेल असाच ठेवला, शेजारी बरोबर आकडा लिहिला, खाली त्या मुलाचे आभार. विषय संपला. छापलेला १९९७ मात्र संपला नाही. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याने आपला प्रकल्प मला पाठवला, त्यात १९९७, आणि संदर्भ म्हणून माझंच सदर. ब्लॉगवर दुरुस्ती आहे की रे, म्हटलं. तर म्हणाला, ब्लॉगचा संदर्भ आमचे सर धरत नाहीत.

कोण सरस लिहितं यावर वर्षानुवर्षं काथ्या कुटून झालाय, तो नको. चूक सापडल्यावर पुढे तिचं काय होतं, खरी भाऊबंदकी तिथे आहे असं माझं मत आहे. (हे मात्र मतच.) दोन्हीकडचे, मधले, नुसते वाचणारे, सगळ्यांनी लिहा.

आगाऊ कार्टं | शनिवार, रात्री १०:२०

पयला नंबर!

बावन्न आठवडे एकही खाडा नाही म्हणजे दिवाळीच्या आठवड्यातही रतीब? म्हशीलासुद्धा भाकड काळ असतो, ताई. हलके घ्या.

लाल शाई | शनिवार, रात्री ११:४१

पुरवणी विभागात अठरा वर्षं काढली. त्यामुळे वरच्या लेखातला डेस्क म्हणजे मीच असं धरून वाचलं. (मी नव्हतो. पण असू शकलो असतो.)

खुलासा न छापणं चूकच. कारण सांगतो, समर्थन नव्हे. रविवारचा अंक वाचकाच्या हाती पडतो तेव्हा पुढच्या रविवारचं पान निम्मं लागलेलं असतं. खुलाशाला जागा काढायची तर कुणाच्या तरी सदरातल्या चार ओळी उडवायच्या. मग त्या कुणाचा तरी फोन येतो, तो संपादकांनाच. चार ओळींसाठी एवढं कोण करणार? म्हणून 'मत असतं' हे वाक्य टेबलावर तयार ठेवलेलं असतं.

आता दुसरी बाजू. ब्लॉगवाल्यांचा मजकूर मी पोत्याने हाताळलाय. साडेसहाशे शब्द मागितले की साडेनऊशे येतात. पहिले दोन परिच्छेद घसा खाकरण्यात जातात: परवा सहज बसलो होतो, मनात विचार आला, वगैरे. ते उडवले की लेख तिसऱ्या परिच्छेदापासून आपोआप उभा राहतो. लेखकाला पत्ताही लागत नाही. नंतर भेटला की म्हणतो, तुम्ही काही बदललं नाहीत, बरं वाटलं.

शिवाय अक्षरांची भानगड. तुम्ही युनिकोडमध्ये पाठवणार, आमचं पान लागायचं जुन्या फॉन्टात. रूपांतर केलं की 'दुसऱ्या'चं 'दुस-या' व्हायचं आणि रफार उडी मारून शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. प्रत्येक 'ऱ्या' डोळ्यांनी शोधून हाताने नीट करायचा. रात्री नऊला, चष्मा कपाळावर ढकलून, बोट ओळीवर ठेवून. या कामाला नाव छापून येत नाही.

आणखी एक. एका लेखात एका माणसाचं नाव घेऊन 'अफरातफर केली' असं सरळ वाक्य होतं. प्रकरण कोर्टात होतं, निकाल नव्हता. मी 'अफरातफरीचा आरोप असलेले' असं केलं. लेखकाने दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर मूळ वाक्य टाकून वर लिहिलं की डेस्कने माझी धार बोथट केली. पुढे वकिलाची नोटीस आली. धारवाल्याला आली, आम्हाला नाही.

अर्धविराम | रविवार, सकाळी ७:५५

+१ लाल शाईकाका, पहिल्या दोन परिच्छेदांबद्दल. आत्ताच माझे जुने लेख उघडून पाहिले आणि लाज वाटली.

दिवाभीत | रविवार, सकाळी ९:३०

नोटीस येते म्हणून तर टोपणनाव घेतो, काका. मी जिथे नोकरी करतो तिथलं मी लिहितो. नाव लावून लिहिलं तर नोकरी तरी जाईल नाहीतर लिहिणं तरी. सदरवाल्याचा फोटो छापतात, आमचा छापला की आम्ही संपलो. 'नाव लावायची हिंमत नाही' हा आमच्यावरचा ठरलेला आरोप. त्यावर एक खरी गोष्ट सांगतो.

इंग्लंडमधल्या एका पोलिसाने 'नाइटजॅक' या नावाने ब्लॉग लिहिला. रात्रपाळी, चौकशा, कागदपत्रांचे ढीग, सगळं आतून. २००९ मध्ये ऑर्वेल पारितोषिकाने ब्लॉगसाठी पहिल्यांदाच विभाग ठेवला आणि तो यालाच मिळाला. दोनेक महिन्यांत 'द टाइम्स'ने त्याचं खरं नाव छापायचं ठरवलं. तो कोर्टात गेला. न्यायमूर्ती म्हणाले, ब्लॉग लिहिणं ही सार्वजनिक गोष्ट आहे, त्यात नाव गुप्त राहील अशी अपेक्षा धरता येणार नाही. नाव छापलं गेलं, खात्याने लेखी ताकीद दिली, ब्लॉग पुसला गेला.

वर्तमानपत्राने कोर्टाला असं भासवलं होतं की नाव उघड माहितीवरून जुळवून काढलं. २०१२ मध्ये बाहेर आलं की बातमीदाराने त्याच्या ईमेल खात्यात घुसून ते मिळवलं होतं. पत्राने माफी मागितली, ४२,५०० पौंड भरपाई दिली.

तेव्हा खोडरबर, तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण चूक म्हणजे फक्त चुकलेला आकडा नव्हे. त्या पोलिसाच्या बाबतीत खुलासा छापून काय परत येणार होतं?

वामकुक्षी | रविवार, दुपारी ३:१०

(आत्ता उठलो.)

दिवाभीत यांनी इंग्लंड काढलं, मी अमेरिका काढतो. ८ सप्टेंबर २००४. निवडणुकीचा हंगाम. सीबीएस वाहिनीवर डॅन रादर यांनी अध्यक्ष बुश यांच्या जुन्या लष्करी सेवेबद्दलचे कागद दाखवले. टिपणं १९७२-७३ मधली, टाइप केलेली. काही तासांत कुणीतरी म्हणालं, त्या काळच्या टंकयंत्रावर 'आय' आणि 'एम'ला सारखीच जागा मिळायची, इथे तर प्रत्येक अक्षर आपल्या अंगाप्रमाणे जागा घेतंय. मग एका ब्लॉगरने वर्डमध्ये, एकही सेटिंग न बदलता, तोच मजकूर टाइप केला आणि मूळ कागदावर ठेवून दाखवला. ओळ ओळीवर बसली. सीबीएसचे माजी अधिकारी म्हणाले होते की इकडे तपासण्यांच्या किती पायऱ्या आणि तिकडे घरात पायजमा घालून लिहिणारा माणूस. २० सप्टेंबरला वाहिनीने चूक मान्य केली, पुढच्या मार्चमध्ये रादर मुख्य वृत्तनिवेदकाच्या खुर्चीवरून उठले.

ही गोष्ट ब्लॉगवाले आपल्या विजयाची म्हणून सांगतात. पण तो पहिला आक्षेप कुठल्या ब्लॉगवर आलाच नव्हता. तो आला होता एका फोरमवर, कुणाच्या तरी धाग्याखाली, टोपणनावाने टाकलेल्या प्रतिसादात. म्हणजे आपल्यासारख्या रिकामटेकड्यांनी केलं आणि श्रेय भाऊबंदांनी वाटून घेतलं.

लाल शाई | रविवार, दुपारी ४:०२

वामकुक्षी, त्याच रिकामटेकड्यांचं दुसरं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर रेडिट या फोरमवर लोकांनी फोटो जुळवून गुन्हेगार शोधायचा घाट घातला. एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव फिरलं. त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या घरच्यांनी जे सोसलं ते सोसलं, नंतर रेडिटवाल्यांनी माफी मागितली. चाळीस मिनिटांत दुरुस्ती होते तशी चाळीस मिनिटांत वाटही लागते.

वामकुक्षी | रविवार, दुपारी ४:०९

मान्य. फक्त त्या वेळी छापील आणि टीव्हीवाल्यांनीही दिवे लावले होतेच. पण मान्य.

अर्धविराम | रविवार, रात्री ८:४४

माझी तक्रार वेगळी आहे. चूक सुधारायचं राहू द्या, चोरीचं काय?

मी शब्दांच्या उगमांवर ब्लॉग लिहिते. एका सकाळी मैत्रिणीने वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो पाठवला: अगं, तुझा लेख आलाय! माझाच होता, नाव दुसऱ्याचं. तीन परिच्छेद शब्दशः. माझ्या मूळ लेखात मी घाईत 'व्युत्पत्ती'ऐवजी 'व्युप्तत्ती' टाइप केलं होतं. ते छापून आलं होतं, जसंच्या तसं. काका, तुमच्या त्या दोन डोळ्यांनी रफार शोधला असेल, हा शब्द सुटला.

फोन केला तर म्हणाले, नेटवरचं आहे ना, मग सगळ्यांचंच. फार लावून धरल्यावर पुढच्या आठवड्यात आतल्या पानावर एक ओळ आली: 'गेल्या रविवारच्या लेखातील काही मजकूर आंतरजालावरून साभार.' आंतरजाल नावाच्या बाई मला माहीत नाहीत. मानधन? हसू नका.

मी तो शब्द ब्लॉगवर अजून सुधारलेला नाही. पुरावा आहे माझा तो.

आगाऊ कार्टं | रविवार, रात्री ८:५१

व्युप्तत्ती!! प्रतिसादाखालच्या माझ्या सहीत टाकतोय.

कलमबहाद्दर | रविवार, रात्री १०:३०

पैशाचा विषय निघालाच आहे म्हणून. हफिंग्टन पोस्ट हे अमेरिकी बातम्यांचं संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झालं ते बरंचसं फुकट लिहिणाऱ्या ब्लॉगरांच्या जिवावर. फेब्रुवारी २०११ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने ते ३१ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतलं. लिहिणाऱ्यांना छदाम नाही. त्यांनी दावा लावला, आमचा वाटा द्या. २०१२ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे ठाऊक असून तुम्ही लिहीत होता, मग आता कसले मागता, असा एकंदर सूर. कायद्याने बरोबर असेल, पण वाचून घास उतरत नाही.

आणि काकांच्या नोटिशीबद्दल: संस्थेत काम करणारा तो पत्रकार आणि घरून लिहिणारा तो उपरा, असा भेद निदान अमेरिकेत बदनामीच्या खटल्यात टिकला नाही. तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की अभिव्यक्तीचं जे संरक्षण वृत्तसंस्थेला, तेच ब्लॉगरला. खालच्या कोर्टात ती ब्लॉगर २५ लाख डॉलर हरली होती. तेव्हा संरक्षण सारखं असलं तरी वकिलाचं बिल कोण भरतं हा फरक राहतोच. काकांच्या पत्राचा वकील पगारी असणार.

नंदीबैल | सोमवार, सकाळी ६:१५

दोघेही मेले. सगळे ब्लॉग एका जागी वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हाच ब्लॉगचं तेरावं झालं, पेपर तर घरी रद्दीसाठीच येतो. आता लोक व्हिडिओ बघतात. चालू द्या तुमचं श्राद्ध.

आगाऊ कार्टं | सोमवार, सकाळी ६:४०

श्राद्धाला सकाळी सव्वासहाला हजर राहिल्याबद्दल आभार.

नवे खाते २ | सोमवार, दुपारी १:२०

फक्त या धाग्यासाठी खातं काढलंय. मी सदर लिहितो, बारा वर्षं झाली. कुठे ते विचारू नका.

रतिबाची एवढी टिंगल झाली म्हणून बोलतो. ब्लॉगवाला लिहितो ते आतून उसळलं की. त्यामुळे ब्लॉगवर एकतर संताप असतो नाहीतर गहिवर. मधल्या दिवसांचं कोण लिहिणार? मला दर आठवड्याला लिहावंच लागतं, म्हणून मी अशा विषयांवर वाचलं आणि लिहिलं ज्यांना एरवी हातही लावला नसता. एकदा नुसत्या खुर्च्यांवर लिहिलं. खोडरबर, तुमच्या अकराव्या आठवड्याचं कोडं एवढंच आहे. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी शोधायला गेलात.

आता घरचं दुखणं. लाल शाई म्हणतात तसा दुसरा डोळा नवख्याला मिळतो. पाच-सात वर्षं सदर चाललं, नाव झालं, की मजकुराला कुणी हात लावत नाही. फक्त शब्द मोजतात. मग मी घसा खाकरला तरी छापतात. माझ्या गेल्या वर्षीच्या निदान दहा लेखांचे पहिले दोन परिच्छेद काकांनी उडवायला हवे होते. ते तिथे नव्हते.

आणि आमचा दिमाख किती महाग पडतो तेही सांगतो. न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर २००५ मध्ये बातम्या खुल्या ठेवल्या आणि स्तंभलेखक कुलुपात घातले, वर्षाला ४९.९५ डॉलर. हिशोब असा की ब्लॉगवाल्यांची मतं फुकट, आमची विकत. दोन वर्षांत कुलूप काढावं लागलं. पैसे देणारे होते, पण जे देत नव्हते त्यांच्या चर्चेतून हे लोक नाहीसे झाले. ज्यांना वादात राहायचं त्यांना तिजोरीत ठेवून कसं चालेल?

लाल शाई | सोमवार, दुपारी २:४५

नवे खाते २, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नावाजलेल्या लेखकाला हात लावायची आमची टाप नसायची, खरं आहे. एकदा धाडस केलं होतं. एका बड्या लेखकाचं एकच विशेषण काढलं. महिनाभर माझ्याकडे शब्दकोडं होतं.

अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी जवळपास २५ वर्षांनंतर डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचं सदर सोडलं आणि आपलं वार्तापत्र सुरू केलं, तेव्हा त्यांची तक्रार होती की अलीकडे संपादन फार वाढलं होतं. वाचून मी मनात म्हटलं, कुणीतरी धाडस केलेलं दिसतंय. आता त्यांना कुणी छाटत नाही. लेख लांबले की नाही ते ज्याने त्याने वाचून ठरवावं.

खोडरबर | सोमवार, दुपारी ३:३०

@नवे खाते २ : खुर्च्यांवरचा तो लेख मी वाचलाय! आवडला होता. आता तुम्ही कोण ते कळलं, सांगणार नाही.

@अर्धविराम : ते 'व्युप्तत्ती' खरंच सुधारू नकोस.

नेट सिल्व्हर कुणालाच कसा आठवला नाही? २००८ मध्ये टोपणनावाने मतदानाचे आकडे मांडणारा माणूस, स्वतःचा ब्लॉग काढतो, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत पन्नासपैकी ४९ राज्यांचा अंदाज बरोबर येतो. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्स त्याला ब्लॉगसकट आत घेतं. २०१२ मध्ये 'काट्याची लढत' म्हणून हवेत हात फिरवणाऱ्या स्तंभकारांनी त्याला झोडपलं, आणि त्याची पन्नासच्या पन्नास राज्यं बरोबर आली. पुढच्या वर्षी तो बाहेर पडला. दत्तक घेतलं, वाढवलं, पण वाड्यात काही रमला नाही.

वामकुक्षी | सोमवार, दुपारी ४:१५

(आत्ता उठलो.) दत्तकाचं राहू द्या, मूळपुरुष आपल्याकडेच आहे. लोकहितवादींची शतपत्रं, १८४८ पासून, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये. नाव शतपत्रं, पत्रं १०८. सरकारी नोकरीतला माणूस, टोपणनावाने, संपादकाला उद्देशून पत्र लिहितो आणि त्यात आपल्याच समाजाची सालं काढतो. आता सांगा, हा सदरवाला की ब्लॉगर?

दिवाभीत | सोमवार, दुपारी ४:२२

टोपणनाव, नोकरी सांभाळून, आपल्याच लोकांवर टीका. आमच्यातला.

नवे खाते २ | सोमवार, दुपारी ४:३०

एकशे आठ हप्ते आणि शब्द पाळला. आमच्यातला.

लाल शाई | सोमवार, दुपारी ४:३६

आणि भाऊ महाजनांनी छापलं, पानात जागा दिली, ते कुणातले?

खोडरबर, जाता जाता: तुमच्या पुरवणीत माझा एक जुना सहकारी अजून आहे. लेखाचा दुवा मला व्यक्तिगत निरोपाने पाठवा. छापील तर आता होणार नाही, निदान संकेतस्थळावरचा तरी सुधारून घेऊ. खुलाशासकट.

खोडरबर | गुरुवार, रात्री ९:०५

काका, झालं तुमचं काम! आत्ता पाहिलं. १९९७ चं १९९९ झालंय. खाली खुलासा वगैरे काही नाही, जणू मी पहिल्यापासून बरोबरच होते.

आणि ते वाक्य दुरुस्त करताना परत टाइप केलेलं दिसतंय, कारण त्यात आता 'दुस-या' आहे.

लाल शाई | गुरुवार, रात्री ९:१२

परत फोन करतो.